शेवटच्या नळाचा वास

क्लोरीनकाका पाणी पिण्याआधी हुंगत. कँटीनमधला ग्लास असो की कुणी हातात दिलेली बाटली, आधी नाकाशी, मगच ओठाशी. आम्ही नवे होतो तेव्हा केंद्राच्या संचालकांनी सगळ्या विद्यार्थ्यांना चहाला बोलावलं होतं. संचालकांनी आपल्या हाताने पुढे केलेला पाण्याचा ग्लास काकांनी हुंगला, "शून्य" म्हणाले आणि टेबलावर ठेवून दिला. संचालकांचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा झाला. पाण्यात क्लोरीन शून्य आहे एवढंच काकांना म्हणायचं होतं, पण ते समजावून सांगेपर्यंत संचालक पुढच्या विद्यार्थ्याकडे सरकले होते. त्याच संध्याकाळी मी त्यांना हे नाव चिकटवलं. ते त्यांनी निमूटपणे घेतलं. वयाने ते आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे होते, आमच्या गाइड मॅडमपेक्षाही थोडे मोठेच, त्यामुळे नावातला 'काका' तरी खोटा नव्हता.

केंद्र पाण्याच्या तंत्रज्ञानाचं, आणि आंतरराष्ट्रीय. म्हणजे व्हरांड्यात रांगेने झेंडे, प्रयोगशाळेत काचेची दारं आणि अंगणात एक कारंजं. ते कारंजं मी कधी चालू बघितलं नाही. केंद्राचा फिटर म्हणायचा, "त्यावर कुणी प्रबंध लिहीत नाही, मग कोण दुरुस्त करणार?" मी लहान गावच्या शाळेतून घासत घासत इथवर आलेलो. पोरगं पाण्याचं शिकायला एवढ्या लांब गेलंय असं आई सांगायची तेव्हा शेजारी विचारायचे, "काय, पोहायला?" मी अतिशय बारीक भोकांच्या पडद्यांमधून पाणी ढकलायचो. पलीकडे स्वच्छ पाणी येतं, अलीकडे घाण साठते आणि पडदा तुंबला की मी रडकुंडीला येतो, एवढंच माझं संशोधन. काका मला 'चाळणीबुवा' म्हणत. म्हणजे हिशेब चुकता होता.

वसतिगृहात आमची खोली एक. दोन लोखंडी खाटा, मध्ये एक टेबल, खिडकीखाली हीटर. हीटरवर काकांचे मोजे वाळत आणि त्या वासावर माझं काहीही बोलणं चालत नसे. ते रोज शर्टाला इस्त्री करत. प्रयोगशाळेत पांढऱ्या कोटाखाली कुणाला दिसतोय शर्ट, असं मी विचारलं तर म्हणाले, "शिफ्टला जाताना माणूस नीट दिसावा. लोक बघतात. पाणी याच्या हातात आहे म्हणतात."

हे शिफ्टचं प्रकरण आधी सांगायला हवं. इथे येण्याआधी काका आपल्या शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर होते. नदीचं पाणी आत घ्यायचं, गाळ बसवायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरीन टाकायचं आणि गावात सोडायचं. काम झालं की नाही हे ठरवायची त्यांची रीत साधी होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पाइपलाइन संपते, तिथला नळ सोडायचा आणि नाक लावायचं. तिथे क्लोरीनचा बारीकसा वास आला म्हणजे मधल्या सगळ्या घरांत औषध पोचलं. वास नाही आला तर परत टाकीवर जाऊन डोस वाढवायचा. जन्मभर हेच केलं. नाकाने नोकरी केली म्हणा.

त्यांच्या खात्याने त्यांना तीन वर्षांच्या रजेवर इथे पाठवलं होतं आणि त्यांचा विषय होता अमोनिया. तो त्यांनी मला कँटीनमध्ये चहाच्या कपावर समजावला. "हे बघ. घरात पाहुणे येणार म्हणून तू किटलीभर चहा केलास. पण दारातच शेजारी बसलेत. ते आधी पितात. पाहुणे आत येतात तेव्हा किटली रिकामी. आमच्या नदीत वरच्या शहरांचं सांडपाणी येतं, त्यातला अमोनिया म्हणजे हे शेजारी. टाकलेलं क्लोरीन आधी तोच खातो. जंतूंसाठी उरत नाही."

"मग किटली मोठी करा की."

"किती मोठी करशील? शेजारी वाढत चाललेत."

अमोनिया खाणारे जिवाणू असतात, अगदी निरुपद्रवी. ते वाळूला धरून राहतात. पाणी त्या वाळूतून नेलं तर ते अमोनिया फस्त करतात आणि पुढे टाकलेलं क्लोरीन शाबूत राहतं. पण हे जिवाणू महा आळशी. वाढायला महिने लावतात, आणि थंडीत तर जवळजवळ झोपतातच. काकांच्या नदीला नेमका हिवाळ्यातच अमोनिया चढायचा, कारण तेव्हा पाणी कमी आणि थंड. तेव्हा थंड पाण्यातही हे जिवाणू पूर्ण हिवाळाभर काम करतात, हे काकांना दाखवायचं होतं.

त्यासाठी त्यांनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेचे तीन उंच कॉलम उभे केले होते. तिन्हींत वाळू, तिन्हींना एकाच टाकीतून अमोनिया मिसळलेलं पाणी. पहिला कोमट, दुसरा साधा, तिसरा बर्फासारखा थंड. जिवाणू वाढवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत एक रीत असते. आपल्या भांड्याची चौकशी घरच्या माणसासारखी होते. सकाळी आल्या आल्या, "काय म्हणतंय? जेवलं का?" शेजारच्या टेबलावर एक मुलगी शेवाळ वाढवायची, तिला आम्ही शेवाळताई म्हणायचो. तिने काकांच्या कॉलमना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं दिली. धाकटी म्हणजे तो थंड कॉलम. ती सगळ्यात हट्टी, महिनोन्महिने काही खायला तयार नव्हती.

"काका, धाकटीचं लक्षण काही ठीक नाही हं," शेवाळताई म्हणायची. "थोरलीला बघा, ताट चाटूनपुसून साफ."

काका हसायचे. थोरली म्हणायचे, मधली म्हणायचे. पण त्या थंड कॉलमला ते कायम 'तीन नंबर' म्हणत. मला वाटलं, सरकारी नोकरीची सवय.

एका रविवारी ते इस्त्री करत होते आणि मी खाटेवर पडून त्यांना चिडवत होतो, की धाकटीशी एवढा परकेपणा का, सावत्र आहे का. त्यांनी इस्त्री उभी ठेवली.

"माझी धाकटी बहीण गेली," म्हणाले. "कावीळ झाली. सातवा महिना होता तिला. दूषित पाण्यातून येते ती कावीळ इतरांना पंधरा दिवस पिवळं करते आणि जाते. पोटुशी बाई असली तर बऱ्याचदा तिलाच घेऊन जाते. त्या हिवाळ्यात शहरात बऱ्याच जणांना झाली. ती माहेरी आली होती. आमच्याच घरी राहत होती, आमच्याच नळाचं पाणी प्यायली. आणि नळात पाणी मी सोडत होतो."

मी उठून बसलो.

"त्या दिवसांत डोस मी रोज घातला," ते म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही. शेवटच्या नळाला वास यायचा नाही, म्हणून वाढवला, अजून वाढवला. अमोनिया मोजायचं आमच्याकडे कुणाच्या डोक्यात नव्हतं. नंतर चौकशी झाली. अहवालात लिहिलं की पाइपलाइनला गळती होती, तिथून घाण आत गेली. सगळे सुटले. मीही सही केली. पाइप काही बोलायला येत नाही ना."

मग ते पुन्हा इस्त्री करू लागले. कॉलर आधी उलट्या बाजूने, मग सुलट.

तेव्हापासून मी धाकटी हा शब्द त्यांच्यासमोर काढला नाही. शेवाळताईलाही डोळ्याने दटावलं. तिला वाटलं मी काकांच्या गोटात सामील झालो.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात तीन नंबर खाऊ लागला. आधी कुरतडल्यासारखं, मग पोटभर. वरून जाणारा अमोनिया खाली पोचेपर्यंत नाहीसा, आणि पाणी एवढं थंड की काच धरली तर बोटं बधिर व्हायची. काका दिसायला होते तसेच राहिले, पण कँटीनमध्ये पाणी हुंगायचं दोनदा विसरले, यावरून मी ओळखलं. त्यांच्या खात्याच्या मुख्य इंजिनिअरसाहेबांनी शब्द दिला होता. हिवाळा संपला की समितीची बैठक आहे. पूर्ण हिवाळ्याचे आकडे आणा. पटले तर पुढच्या थंडीच्या आत असाच मोठा फिल्टर शहराच्या केंद्रावर बांधू. काकांना पदवी हवी होती, नाही असं नाही. पण खरं म्हणजे त्यांना तो फिल्टर हवा होता, आणि पुढच्या हिवाळ्याच्या आत.

मग ती सकाळ आली.

घरून काकूंचा फोन मी उठायच्या आधीच येऊन गेला होता. शहरात पुन्हा कावीळ सुरू झाली होती. दवाखान्यात खाटा भरल्या होत्या आणि त्यांच्या गल्लीतल्या मास्तरांची सून, पाचवा महिना, कालपासून शुद्धीवर नव्हती. काका न जेवता, न इस्त्री करता निघून गेले. मी मागून पोचलो तेव्हा ते प्रयोगशाळेत होते, कानाला फोन, खांद्याने दाबून धरलेला. पलीकडे त्यांचा शिफ्टचा जोडीदार होता. त्यांच्या जागी आता तोच तिथलं जलशुद्धीकरण केंद्र बघत होता. त्यांच्याकडचं पाण्यात क्लोरीन गॅस सोडायचं यंत्र बंद पडलं होतं आणि क्लोरीन हाताने टाकायचं होतं, कॅनमधून. जोडीदार घाबरलेला होता. फोनचा आवाज एवढा मोठा की दारातही ऐकू येत होतं.

"दादा, किती टाकू? नेहमीचं टाकलं, काहीच होत नाही."

"नेहमीचं विसर. कॅन उचल. उचललास?"

"उचलला."

"सावकाश ओत. धार बारीक ठेव. अजून. घाबरू नकोस, अजून. आता थांब. दांडी घे आणि ढवळ, तळापासून."

मी माझ्या टेबलाकडे गेलो. पडदा पुन्हा तुंबला होता, त्याच्याशी झटत बसलो. पाठीमागे काका बोलतच होते. धीर देत होते, मध्येच रागावत होते, झडप किती उघडी ठेवायची ते सांगत होते. मग म्हणाले, "आता शेवटच्या नळावर जा."

बऱ्याच वेळाने मी चहाला विचारायला त्यांच्या कोपऱ्यात गेलो. ते गुडघ्यावर बसले होते, तीन नंबरच्या खाली, जिथून पाणी बाहेर पडतं त्या लहान तोटीशी. फोन कानालाच. डोळे मिटलेले. तोटीला नाक लावून त्यांनी एक लांब श्वास घेतला, आणि तोंडावर असं समाधान आलं की मला क्षणभर बरं वाटलं.

"आला," ते म्हणाले. "आला वास. आता काळजी नाही. लोकांना सांग, पाणी प्यायला हरकत नाही."

फोनमधून जोडीदार म्हणाला, "कुठं आला, दादा? मी तर अजून सायकलवर आहे. नळ लांब आहे."

काकांनी डोळे उघडले.

त्यांच्या डाव्या हाताशी हायपोचा कॅन होता. हायपो म्हणजे पातळ क्लोरीन, आम्ही ते काचसामान धुवायला सिंकखाली ठेवायचो. कॅनचं झाकण उघडं होतं. टाकीत ढवळायची काचेची दांडी उभी होती. जे जे ते जोडीदाराला सांगत गेले, ते ते त्यांच्या हातांनी इथे करून टाकलं होतं, रस्ता विचारणाऱ्याला फोनवर सांगताना माणूस हात हलवतो तसं. डोसही बरोबर दिला होता. अमोनियाला पुरून उरेल, शेवटच्या तोटीपर्यंत पोचेल असा. त्यात कसर म्हणून नव्हती. तिन्ही कॉलमना पाणी त्या एकाच टाकीतून जात होतं.

"दादा? ऐकताय ना?" जोडीदार विचारत होता.

"ऐकतोय," काका म्हणाले. "तू जा. पोचलास की फोन कर."

फोन त्यांनी नीट खिशात ठेवला. मग पंप बंद केला. मी धावत जाऊन क्लोरीन मारायचं रसायन आणलं, शेवाळताई आली, फिटर आला. आम्ही कॉलम धुतले, परत परत धुतले. पण वाळूत जे होतं ते गेलं होतं. दुपारी पाणी तपासलं. वर जेवढा अमोनिया, खाली तेवढाच. दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतरही तेच. कॉलम म्हणजे आता वाळू भरलेल्या नुसत्या नळ्या होत्या.

मास्तरांची सून त्याच आठवड्यात गेली. काकांनी ते मला सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं. काका फोन उचलत नव्हते म्हणून त्यांनी मला केला होता.

गाइड मॅडम आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकल्या. "पुन्हा जिवाणूंचं बीज टाकू," म्हणाल्या. "नदीच्या वाळूतून. पण तुमच्या रजेत ते उभं राहणार नाही. तेव्हा आता हाती आहे त्यातून प्रबंध लिहा. चूक झाली तीही लिहा. चुकीने क्लोरीन गेलं तर काय होतं आणि परत उभं राहायला किती वेळ लागतो, हेही कुणीतरी मोजायलाच हवं होतं. पदवी अडणार नाही."

"पदवीचं ठीक आहे, मॅडम," काका म्हणाले. "समितीला काय सांगू?"

मॅडम टेबलाच्या कडेवरून उठल्या. "ते तुमच्या घरचं आहे. तिथे मी काय सांगणार?"

आम्ही मात्र सांगितलं. कँटीनमध्ये घेरूनच सांगितलं. हिवाळ्याचे बहुतेक आकडे हातात होते, शेवटचा तुकडा फक्त नव्हता. शेवाळताई म्हणाली, "पंप बंद पडला असं सांगा. सगळ्यांचे पंप बंद पडतात. जगातल्या निम्म्या प्रबंधांत पंप बंद पडलेला आहे."

"खरंच आहे," मी म्हणालो. "आणि खोटं तरी काय त्यात? बंद तुम्हीच केलात की पंप."

काका चहाच्या कपात बघत राहिले. म्हणाले, "मागच्या वेळी पाइपाने मार खाल्ला. आता पंपाने खायचा?"

"काका, तत्त्वं नंतर. फिल्टर हवाय की नको?"

"हवाय रे."

"मग?"

"मग असं बघ. मी सांगतो पंप बंद पडला. ते फिल्टर बांधतील. जोडीदार एका सकाळी घाबरेल आणि पाण्यात आधीच क्लोरीन ओतेल, फिल्टरच्या अलीकडे. ओततातच, पाणी गढूळ आलं की. मीच शिकवलंय त्यांना. फिल्टर मरेल आणि कुणाला कळणारही नाही का मेला. फिल्टर आहे म्हणून सगळे निर्धास्त असतील. अमोनिया कोण मोजेल? पुन्हा एक पाइप शोधतील." त्यांनी कप बाजूला केला. "पाइप म्हणालो नसतो ना तेव्हा, तर हा अमोनिया त्याच वर्षी सापडला असता."

त्यांचं मला पटत होतं, म्हणून मी चिडलो. माणूस चिडतो तेव्हा बहुतेक असंच काहीतरी असतं. मी म्हणालो, "मग जा, करा हरिश्चंद्रगिरी." ते म्हणाले, "तू तेवढी बैठकीत संगणकावरची चित्रं पुढे सरकवायला बस. मला ते यंत्र जमत नाही."

म्हणून बैठकीच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. समोर संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या खात्याची खोली: लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सात-आठ माणसं, त्यातला एक जण सतत खाली मान घालून मोबाइल बघणारा. मुख्य इंजिनिअरसाहेब मध्यभागी. माणूस वाईट वाटला नाही मला. सुरुवातीला विचारलं, "काय हो, तब्येत उतरलेली दिसतेय. थंडी सोसते ना तिकडची?" काका इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते. "सोसते, साहेब."

आकडे त्यांनी छान मांडले. मी नव्याने ऐकतोय असं मला वाटलं. थंड पाण्याचा तक्ता आला तेव्हा मोबाइलवाल्यानेही वर बघितलं. मग तो रिकामा भाग आला आणि साहेबांनी विचारलं, "इथून पुढे काय झालं?"

"इथे मी टाकीत क्लोरीन ओतलं, साहेब. माझ्या हातून. फोनवर बोलत होतो आणि लक्षात आलं नाही."

खोलीत कुणीतरी हसलं. पूर्ण हसू नव्हतं, नाकातून सुटलेली हवा होती. साहेब हसले नाहीत.

"म्हणजे एका माणसाच्या एका चुकीने तीन वर्षांचं काम गेलं."

"एका सकाळीत. हो. म्हणून सांगितलं. बांधताना फिल्टरच्या अलीकडे डोस टाकायची सोयच ठेवायची नाही. क्लोरीनला कुलूप लावायचं. आणि रोज अमोनिया मोजायचा, म्हणजे मेला तर त्याच दिवशी कळेल."

"कळेल. आणि मग परत जिवंत व्हायला?"

"महिने लागतात, साहेब. किती ते आता मोजतोय."

"तेवढे महिने लोकांनी काय प्यायचं?"

काका पडद्यावरच्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. दोन फिल्टर बांधा, एक मेला तर दुसरा, हे आम्ही आदल्या दिवशी बोललो होतो, पुढच्या चित्रावर ते होतं. मी बटण दाबलं, चित्र आलं. साहेबांनी ते बघितलं आणि हलकेच मान हलवली.

"एकाच फिल्टरचे पैसे कसेबसे बसवत होतो हो. आणि कुलपाचं म्हणाल तर किल्ली कुणाकडे राहणार? तुम्ही तीन वर्षं शिकलात, तुमच्यापेक्षा जास्त जपणारं माणूस आपल्याकडे नाही. तुमच्या हातून हे झालं. तिन्ही शिफ्टला जी माणसं आहेत ती तुम्ही ओळखता. त्यांच्या हातून काय होईल?"

काका म्हणाले, "तेच होईल, साहेब."

बैठक फार लांबली नाही. गॅसचं आणखी एक यंत्र घ्यायचं, आधीच्यापेक्षा मोठं, असं ठरलं. काकांचं कौतुकही झालं, प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल. मोबाइलवाल्याने टाळी वाजवायला सुरुवात केली, पण कुणी साथ दिली नाही म्हणून थांबला.

पडदा काळा झाल्यावर मी म्हणालो, "एक शब्द, काका. पंप. एवढाच शब्द होता."

"माहीत आहे."

"पुढच्या हिवाळ्यात..."

"माहीत आहे रे," ते म्हणाले, आणि मी संगणक मिटला.

त्यानंतर रजा संपेपर्यंत ते रोज कॉलमशी बसत. नवं बीज टाकलं होतं, रोज मोजत, रोज वरचा आकडा आणि खालचा आकडा तोच. प्रबंध लिहून दिला. मॅडमनी मान्य केला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सगळं दाखवलं: पाणी किती थंड ठेवायचं, अमोनिया किती घालायचा, नमुना कुठून घ्यायचा. हायपोचा कॅन त्यांनी फिटरला सांगून केव्हाच खालच्या मजल्यावर हलवला होता. मोजे विसरले. मी ते हीटरवरून काढले आणि बॅगेत कोंबले, तर म्हणाले, "राहू दे की, तुला आठवण." मी म्हणालो, "आठवणच आहे ती, म्हणूनच घेऊन जा."

तिकडे गेल्यावर त्यांना जुनीच शिफ्ट मिळाली. फोन करायचे, पण कमी. मास्तरांच्या घरावरून जाताना लांबून जातो, असं एकदा बोलले. नावामागे आता पदवी लागली होती, म्हणून जोडीदार चेष्टेने 'डॉक्टरदादा' म्हणायला लागला होता, आणि डॉक्टर म्हटलं की लोक पोटदुखीचं सांगायला येतात म्हणे.

इकडे मी तीन नंबरला पाणी घालत राहिलो. माझ्या पडद्यांपेक्षा तेच काम सोपं होतं, काही होतच नव्हतं. उन्हाळा गेला. मग एके दिवशी खालचा आकडा वरच्यापेक्षा जरा कमी आला. मी मोजायची चूक समजलो. पुढच्या आठवड्यात अजून कमी. शेवाळताई येऊन उभी राहिली आणि काही न बोलता माझ्या पाठीवर थाप मारून गेली. आणि थंडीच्या तोंडावर तो शून्य झाला. दोनदा मोजला, मग शेवाळताईने मोजला. शून्य.

मी काकांना फोन लावला. ते शिफ्टवर होते. मागे पंपांची घरघर होती, म्हणून ओरडूनच बोललो.

"काका, तीन नंबर शून्य झाला."

"पाणी किती थंड होतं?"

मी सांगितलं.

"मोजमाप दोनदा केलंस?"

"तीनदा."

दार लोटल्याचा आवाज आला आणि पंपांची घरघर कमी झाली.

"बरं झालं," काका म्हणाले. "म्हणजे वाळूचं चुकलं नव्हतं. माझंच चुकलं."

"काका, साहेबांना एकदा सांगून बघा की. परत उभा राहतो म्हणून. आकडे मी पाठवतो."

"पाठव. सांगेन." मग म्हणाले, "यंत्र आलंय नवीन. मोठं आहे. चांगलं चालतं."

"आणि अमोनिया?"

"मी मोजतो आता रोज. आपल्या आपणच. कुणी सांगितलेलं नाही."

"किती आहे?"

"चढतोय," ते म्हणाले. "यंदा थंडी लवकर पडलीय." पलीकडून त्यांना कुणीतरी हाक मारली. आलो म्हणाले, आणि फोन ठेवला.